पंखे थांबतात, लोकल थांबत नाही

सातवी-आठवीच्या वर्गात गती, बल आणि ऊर्जा शिकवताना सूत्रांमुळे फारसे अडत नाही. अंतराला वेळेने भागले की चाल मिळते, हे मुले एका तासात शिकतात आणि ठाण्यातील मुलांना त्यासाठी उदाहरणही गावातलेच मिळते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी सुमारे ३४ किलोमीटर अंतर ५७ मिनिटांत कापून ठाण्याला आली. भागाकार केला की तिची सरासरी चाल ताशी ३६ किलोमीटरच्या जवळ, म्हणजे सेकंदाला जवळपास १० मीटर निघते. आजच्या धीम्या लोकललाही साधारण तासभरच लागतो, हे लक्षात आल्यावर वर्गात हमखास हशा पिकतो. मधल्या स्थानकांची यादी फळ्यावर लिहायला लावली, की सरासरी चालीच्या आकड्यात किती थांबे लपलेले असतात हेही मुलांना न सांगता कळते.

खरी अडचण पुढे येते. वस्तू चालत असेल तर तिला कोणीतरी ढकलत असलेच पाहिजे, ही समजूत मुलांच्या मनात पक्की रुजलेली असते. जडत्वाची, म्हणजे बल लागल्याशिवाय वस्तूची गती बदलत नाही या गुणधर्माची, व्याख्या तोंडपाठ म्हणणारे मूलसुद्धा, जमिनीवरून घरंगळत जाणाऱ्या चेंडूवर बलाचा बाण काढायला सांगितला, की तो बिनदिक्कत गतीच्या दिशेने काढते. त्यात मुलांचा दोष नाही. भाजीची हातगाडी ढकलणे थांबवले की ती थांबते, सायकलचे पेडल मारणे सोडले की सायकल मंदावते. सगळा अनुभव, ढकलल्याशिवाय गती टिकत नाही म्हणणाऱ्या ॲरिस्टॉटलच्या बाजूने साक्ष देत असताना पुस्तकातील दोन ओळींनी न्यूटन पटावा, ही अपेक्षाच अवाजवी आहे.

म्हणून मी व्याख्येआधी लोकल वर्गात आणते. मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गांवर आता २५,००० व्होल्टचा एसी (प्रत्यावर्ती) वीजपुरवठा आहे. डोक्यावरच्या तारेच्या लागोपाठच्या दोन भागांना वेगवेगळ्या फेजमधून, म्हणजे एकमेकींशी न जुळणाऱ्या लहरींची, वीज मिळते, त्यामुळे त्यांच्यामधला तारेचा छोटा तुकडा मुद्दाम विजेविना ठेवलेला असतो. गाडी त्याखालून जाताना डब्यातील पंखे मंदावतात, काही दिवे जातात आणि थोड्या वेळाने सगळे पूर्ववत होते. रोज प्रवास करणाऱ्या मुलांनी हे पाहिलेले असते, पण त्याचा विज्ञानाच्या पुस्तकाशी काही संबंध असेल असे त्यांना कधी वाटलेले नसते. मी एवढेच विचारते: त्या वेळी मोटारींनाही वीज मिळत नव्हती, मग गाडी कशामुळे पुढे गेली?

पहिले उत्तर बहुतेक वेळा असे येते, की गाडीत आधीचे बल साठलेले होते. हे उत्तर चूक म्हणून खोडून टाकण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये तत्त्वज्ञ जाँ ब्युरिदाँने जवळपास हाच विचार मांडला होता: फेकणारा फेकलेल्या वस्तूला काहीतरी देऊन टाकतो आणि ते संपेपर्यंत वस्तू चालत राहते. गती टिकायला बल लागत नाही, असे सांगणारा न्यूटनचा ग्रंथ १६८७ साली आला. म्हणजे विद्वानांनाही या टप्प्यावरून पुढे जायला तीनशे वर्षे लागली.

पुढचे काम एका गोटीवर आणि इलेक्ट्रिशियन तारा झाकायला वापरतात त्या खोबणीच्या केसिंग पट्टीवर भागते. पट्टीचे एक टोक पुस्तकांच्या थप्पीवर टेकवून वरून गोटी सोडायची आणि खाली आधी गोणपाट, मग सतरंजी, मग गुळगुळीत लादी ठेवून ती किती लांब जाते ते मोजायचे. सोडण्याची उंची तीच, मागून कोणी ढकलत नाही, तरी अंतर वाढत जाते. आता प्रश्न उलटा करता येतो: गोटी चालते का, हे न विचारता ती थांबते का, हे विचारायचे. घर्षण हे थांबवणारे बल म्हणून एकदा हाती लागले, की पोलादी रुळांवरील पोलादी चाकांना विरोध किती कमी होत असेल आणि विजेविना लोकल एवढी निवांत का सरकते, हे मुले स्वतःच जोडून घेतात. आपल्या पाठ्यक्रमात घर्षण बलाच्या प्रकारांच्या यादीत एक नाव म्हणून येऊन जाते. माझ्या मते जडत्वाआधी त्यावर दोन तास तरी खर्ची पडायला हवेत.

ऊर्जेकडे वळताना 'गाडीत काहीतरी साठलेले होते' हे उत्तर मी परत फळ्यावर लिहिते, कारण त्यातील अर्धा भाग बरोबर आहे. बल साठत नाही, दोन वस्तू एकमेकींवर क्रिया करत असतात तोवरच ते असते. गाडीजवळ जे असते ती गतिज ऊर्जा, म्हणजे गतीमुळे असलेली ऊर्जा. ती किती, हे गोटीच्या वाटेत रिकामी काडेपेटी ठेवून दाखवता येते. सोडण्याची उंची दुप्पट केली की काडेपेटीही सुमारे दुप्पट अंतर सरकते. मग आकडे. घर्षण बाजूला ठेवले आणि गुरुत्व त्वरण १० धरले, तर १८५३ च्या गाडीच्या सेकंदाला १० मीटर चालीतील ऊर्जा तिला ५ मीटर उंच नेऊ शकते. त्याच्या दुपटीने, म्हणजे ताशी ७२ किलोमीटरने धावणारी लोकल मात्र २० मीटर चढेल. चाल दुप्पट, उंची चौपट, आणि गाडीचे वजन हिशेबात कुठेच येत नाही! या शेवटच्या गोष्टीवर वर्ग सहजासहजी विश्वास ठेवत नाही आणि ठेवूही नये; कागदावर समीकरणाच्या दोन्ही बाजूंचे वस्तुमान खोडून दाखवेपर्यंत मी तो वाद चालू देते.

ही ऊर्जा ब्रेक लावल्यावर कुठे जाते, याचे उत्तरही त्याच गाडीत आहे. नव्या लोकलमध्ये ब्रेक लावताना मोटारी जनित्रासारख्या चालतात आणि वीज तारेत परत पाठवतात. शेवटी अगदी कमी चालीत हवेचे ब्रेक काम पुरे करतात आणि उरलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते.

कसारा घाटाचा प्रश्न मी चाचणीसाठी राखून ठेवते. तेथे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर चढ किंवा उतार आहे, आणि उतारावर ताबा सुटलेली गाडी वळवण्यासाठी बाजूला एक वेगळा लोहमार्ग ठेवलेला असतो. तो चढाचा का केला असेल, एवढेच विचारते. उत्तरात सूत्र आले नाही तरी चालते. मात्र 'चढामुळे गाडीचे बल संपते' असे कोणी लिहिले, तर दुसऱ्या दिवशी गोटी आणि केसिंग पट्टी पुन्हा टेबलावर येते.