तडजोडीच्या पुरसीसवर सही करताना

२०१९ च्या जूनमध्ये बांधावरून चुलतभावाशी जुंपली. त्यानं ढकललं, मी पाटाच्या दगडावर आपटलो, डावं मनगट मोडलं. हाड मोडलं की कायद्यानं ती 'गंभीर दुखापत', म्हणून तेव्हाच्या भारतीय दंड विधानाचं (भादंवि) कलम ३२५ लागलं. सात वर्षांपर्यंत शिक्षा. तेव्हा मला सातही कमीच वाटली.

पुढं तीन वर्षं नुसत्या तारखा. कोर्टात एकमेकांकडं बघायचं नाही, आणि परतताना दोघं एकाच एसटीत.

मिटवायचा विषय भावकीनं काढला. "आपलंच रक्त हाय, सोडून दे." हाड माझं मोडलेलं आणि शहाणपणाही मीच दाखवायचा! वकिलांनी मात्र समजावलं: साधी मारहाण, म्हणजे ३२३ असतं, तर परवानगीशिवाय मिटलं असतं, ३२५ ला कोर्टाची परवानगी लागते. आणि तडजोडीचा हक्क मार खाल्लेल्याचाच. सरपंचाचा नाही, चुलत्यांचा नाही. ते ऐकून जरा बरं वाटलं.

मी सांगितलं, पैसे नकोत. सरकारी मोजणी करू आणि आईसमोर येऊन बोल. (पैसे सोडले म्हणून बायकोनं मला वेड्यात काढलं. तिचं चूक नव्हतं.)

तो आला. "काकू, चुकलं," फरशीकडं बघत म्हणाला. मी म्हटलं, माझ्या हाताकडं बघून बोल. मग सांगत सुटलो: दोन महिने धार काढता आली नाही, गडी लावला, शर्टाची बटणं बायको लावायची. तो गप्प. बऱ्याच वेळानं म्हणाला, केसमुळं पोरीचं ठरत आलेलं लग्न मोडलं. मला ते माहीत होतं, आणि तेव्हा मी खूश झालो होतो. हे मात्र मी बोललो नाही.

लोकअदालत शनिवारी होती. बँकांच्या थकबाकीवाल्यांची ही गर्दी. पुरसीसवर, म्हणजे तडजोड झाल्याचं कोर्टाला लेखी कळवणाऱ्या कागदावर, दोघांच्या सह्या झाल्या. पॅनेलवरच्या न्यायाधीशांनी विचारलं, "कुणाचा दबाव नाही ना?" नाही म्हणालो. दोन मिनिटांत संपलं. तडजोड झाली की आरोपी निर्दोष सुटतो, हे वकिलांनी आधी सांगितलं होतं, तरी तो शब्द कानाला टोचला.

मोजणीची फी निम्मी-निम्मी भरली, खुणेचे दगड रोवले. बांधावर गाठ पडली की तो मान हलवतो, मीही हलवतो. चहाला अजून कुणी कुणाला बोलावलेलं नाही.