जनरेटरचा आवाज

आषाढ होता. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून जांबोटीकडं जाणारा रस्ता सोडून आत शिरलं की पाच घरांची एक वस्ती लागते. तीन दिवस पाऊस उघडलाच नव्हता. चौथ्या दिवशी पहाटे वाऱ्यानं अकेशियाचं एक मोठं झाड मुळासकट उलथून विजेच्या तारांवर पाडलं. एक तार तुटून चिखलात पडली, उरलेल्या तीन तारा फांद्यांखाली दबून धनुष्यासारख्या ताणल्या होत्या. सकाळी नऊच्या सुमारास मला फोन आला. दहा वाजता मी, माझा भाचा आणि दोन गडी ट्रॅक्टरवर सामान टाकून निघालो.

मी बावीस वर्षं झाडं उतरवतो. शिकलो आबांकडं. आबा म्हणजे आमच्या गल्लीतले, रक्ताचं नातं नाही. काथ्याचा दोर, कमरेला कोयता, अनवाणी पाय, एवढ्यावर त्यांनी आयुष्यभर नारळ, फणस, जांभूळ उतरवले. एका पावसाळ्यात ओली फांदी अकरा हजार व्होल्टच्या तारेला टेकली. वीज फांदीतून हातात आली, उजव्या हाताची दोन बोटं गेली. झाडावरनं खाली पडले नाहीत, एवढंच नशीब. दवाखान्यात मला म्हणाले, "वाळली फांदी सोडून देती गा, वली सोडत नाही." तेव्हापासून तारेजवळच्या कामाला मी माझ्या पद्धतीनंच जातो, कुणी घाई केली तरी.

पहिले पैसे आले तसे सामान घेतलं. अंगभर बसणारा पट्टा, म्हणजे मांड्यांतून, खांद्यांवरून आणि छातीवरून जाणारा. नुसता कमरेचा पट्टा मी कुणाला बांधू देत नाही. माणूस घसरला की तो बरगड्यांत रुततो आणि पाठीचा कणा दुमडतो. पट्ट्यावर आयएस 3521 आणि हेल्मेटवर आयएस 2925 असा शिक्का बघूनच घेतो. चेनसॉ, म्हणजे साखळीची करवत, चालवणाऱ्याला जाड पँट. तिच्या आत लांब धाग्यांचे थर असतात. साखळी कापडात शिरली की ते धागे ओढले जाऊन चाकात गुंततात आणि मशीन जागच्या जागी थांबतं. त्या पँटीनं भाच्याची मांडी एकदा वाचवली आहे, त्यामुळं ती किती महाग आहे हे मला कुणी सांगू नये. आणि एक गोष्ट आवर्जून: खोडाभोवती टाकायचा दोर दोन प्रकारचा मिळतो, साधा आणि आत पोलादी तार असलेला. पोलादी तारेचा दोर साखळी लागली तरी सहज कापला जात नाही, म्हणून लोकांना आवडतो. तारेजवळच्या कामाला मी तो घरीच ठेवतो. लोखंडच ते, वीज वाहून नेणारच.

वस्तीवर पोचलो तेव्हा लाईनमन आधीच आले होते. चिक्कोडीकडचे, पन्नाशीचे, शांत माणूस. त्यांनी डीपीवरचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या खांबावरचे, तिन्ही फ्यूज स्वतःच्या हातानं काढून पिशवीत ठेवले होते, ते मला उघडून दाखवले. "लाईन बंद ऐतिरी," म्हणाले, म्हणजे लाईन बंद आहे. लाईन क्लिअरचा, म्हणजे लाईन बंद करून कामाला मोकळी दिल्याचा, कन्नड कागदही होता. मी कन्नड वाचतो, सावकाश, अक्षराला अक्षर लावून. तारीख, वेळ, फीडर, सही, सगळं जागेवर होतं.

आमच्या भागात झाडाला हात लावायचा म्हटला की लोक आधी परवानगीचं विचारतात. 1976 चा कर्नाटकाचा वृक्ष संरक्षण कायदा, वृक्ष अधिकारी, वनखात्याचा पंचनामा, हे पानटपरीवरही ऐकायला मिळतं. तारेखाली काम करताना काय करायचं, याचा नियम मात्र मला झाडं उतरवणाऱ्या कुणी कधी विचारलेला नाही. तोही जुना आहे. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांतला 36 वा नियम: तारेला हात लावण्याआधी ती अर्थ करून, म्हणजे जमिनीला जोडून, किंवा तशाच दुसऱ्या योग्य उपायानं, तिच्यातली वीज उतरवून घ्यायची, आणि काम चालू असताना ती चुकून पुन्हा भारली जाणार नाही याची तजवीज करायची. पुढं 2010 साली आणि परत 2023 साली नवे विनियम आले, त्यांतही हे कायम आहे. फ्यूज काढणं म्हणजे एका दारानं येणारी वीज थांबवणं. नियम त्याच्याही पुढचं मागतो.

मी म्हणालो, "अण्णा, अर्थिंग रॉड लावूया की."

त्यांनी आभाळाकडं बघितलं. पाऊस परत दाटला होता. वस्तीतली चार माणसं छत्र्या धरून उभी होती, एका घरात आजारी पोर होतं, तीन दिवस लाईट नव्हती. त्यांच्या जीपमध्ये रॉड नव्हते. तारेत वीज आहे का ते तपासायचा टेस्टर दुरुस्तीला दिलेला. "फ्यूज माझ्याकडं आहेत," ते परत म्हणाले, आणि खोटं काहीच बोलत नव्हते. माझा भाचा तोवर पट्टा चढवून, ओल्या हातमोज्यांनी ॲल्युमिनियमच्या दांड्याची करवत घेऊन झाडाकडं निघालाही होता.

मी त्याला हाक मारून थांबवलं. माझ्याकडं स्वतःचा रॉडचा संच आहे. फायबरच्या काठ्या, टोकाला पितळी आकडे, जाड तांब्याची वायर, जमिनीत ठोकायची लोखंडी पहार. दोन वर्षांपूर्वी हुबळीहून आणला. टेस्टर मात्र मी घेतला नव्हता. आधी तपासायचं आणि मग अर्थ करायचं, हा खरा क्रम, आणि त्या दिवशी त्यातली पहिली पायरी गाळली गेली. ती चूक माझी. दुसऱ्याचा टेस्टर असेलच असं धरून चाललो होतो.

लाईनमन काही बोलले नाहीत. रबरी हातमोजे घातले, पहार ओल्या मातीत हातभर ठोकली, वायर आधी पहारेला आवळली. हा क्रम उलटा झाला तर काठी धरणारा माणूसच वायरीचं टोक होतो. मग काठी उचलून पहिल्या तारेला आकडा लावला. काही नाही. दुसऱ्या तारेला लावला. काही नाही. तिसऱ्या तारेजवळ आकडा नेला आणि फाटकन निळी ठिणगी उडाली.

ठिणगी मी विसरेन कदाचित. त्याच्याबरोबर जे ऐकलं ते विसरणार नाही. वस्तीच्या शेवटच्या घरामागं एक इंजिन वाजत होतं. मी आल्यापासून वाजत होतं, पावसाच्या आवाजात मिसळून गेलं होतं. आकडा तारेला टेकला त्या क्षणी त्याचा आवाज घोगरा झाला, घशात काहीतरी अडकावं तसा, आणि दोन धापा टाकून ते बंद पडलं.

कुणीच हललं नाही. भाचा करवत हातात धरून माझ्यापासून दहा पावलांवर होता, तारेपासून तीन. लाईनमननी काठी तशीच धरून ठेवली होती आणि त्यांच्या ओठांचा रंग गेला होता. मग भाचा हळूच म्हणाला, "मामा, ते जनरेटरचं होतं व्हय?"

आम्ही त्या घरात गेलो. घरात म्हातारी, सून आणि दम्याचा त्रास असलेला पाच वर्षांचा नातू. मुलाला वाफेचं औषध द्यायचं मशीन विजेवर चालतं, म्हणून मुलाच्या बापानं खानापुरातनं भाड्यानं छोटा जनरेटर आणला होता. दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर करून एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या प्लगात. आदल्या रात्री लावताना मेन स्विच पाडला होता. सकाळी पाणी चढवायची मोटर लावताना कुणीतरी तो परत वर केला. मेन स्विच वर म्हणजे घरातली वीज मीटरमधून बाहेर, खांबावर, तारेवर. डीपीचे फ्यूज निघालेले, त्या फेजवर, म्हणजे त्या तारेवर, दुसऱ्या कुणाचा भार नाही, म्हणून जनरेटरही दबला नाही. सव्वादोनशे व्होल्टची तार शांतपणे आमची वाट बघत होती. फ्यूज जागेवर असते तर तीच वीज ट्रान्सफॉर्मरमध्ये उलट शिरली असती. ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. खालून घातलं की तो वर वाढवून देतो, आणि पलीकडं अकरा हजाराच्या लाईनवर कुणी काम करत असेल तर त्याला कुणी वाचवू शकत नाही.

मुलाचा बाप कळल्यावर ओट्यावर बसून राहिला. त्याला बोल लावावा असं मला वाटलं नाही. पोराला श्वास मिळावा म्हणून केलं होतं. मी त्याला चेंजओव्हर स्विच म्हणजे काय ते कागदावर काढून दाखवलं: एक खटका, वर केला की खांबाची वीज, खाली केला की जनरेटरची, दोन्ही एकदम कधीच नाही. जनरेटर भाड्यानं देणाऱ्यानं त्याला हे सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नव्हतं. लाईनमननी मेन स्विच पाडला, मीटरकडून आलेली वायर सोडवून टेप गुंडाळली, आणि मशीन चालण्यापुरता जनरेटर परत सुरू करून दिला. तो वाजायला लागला तसे आम्ही बाहेर येऊन रॉडकडं बघत उभे राहिलो. या वेळी काही झालं नाही. मग बाकीच्या चारी घरांतले मेन स्विच त्यांनी स्वतः जाऊन पाडले. चौथ्या तारेला, आणि झाडाच्या पलीकडच्या बाजूलाही, आकडे लावले, म्हणजे दोन्हींकडून अर्थ केलेल्या तारांच्या मधे आम्ही काम करणार.

झाड उतरवायला साडेतीन तास गेले. उलथलेल्या झाडाचं वाईट हे की खोड कापलं की मुळांची थाळी, म्हणजे मातीसकट उपटलेला मुळांचा गड्डा, परत खड्ड्यात बसायला बघते, बुंधा एकदम उभा राहतो. त्या खड्ड्यात वाकून बघायला पोरं फार उत्सुक असतात. मी थाळी ट्रॅक्टरच्या साखळीनं बांधली आणि एका गड्याला फक्त माणसं लांब ठेवायला उभा केला. तारांवर झोपलेल्या फांद्यांचं उलट. वजन गेलं की तार खालून उसळते आणि फांदीला फेकते. म्हणून शेंड्याकडून, हातभर हातभर तुकडे, प्रत्येक तुकडा दोरानं धरून. जी बाजू दाबली गेली आहे तिथं आधी उथळ खाच, मग ताणलेल्या बाजूनं वरून सावकाश. भाचा त्या दिवशी एरवीपेक्षा हळू कापत होता. मी त्याला एकदाही आवर म्हटलं नाही.

पाचला तारा मोकळ्या झाल्या. लाईनमननी तुटलेली तार जोडली, माणसं मोजली, मग आकडे काढले. आधी तारेवरचे, शेवटी पहारेचा. घराघरात जाऊन सांगितलं, शेवटच्या घरात जनरेटर बंद करून वायर काढायला लावली, आणि मगच फ्यूज बसवले. जाताना त्यांनी माझा संच उलटसुलट करून बघितला आणि हुबळीतल्या दुकानाचा पत्ता विचारला. मी टेस्टर कुठं मिळतो ते त्यांना विचारलं.

आता कामावर पोचलं की मी आधी ट्रॅक्टर बंद करायला लावतो आणि दोन मिनिटं कुणालाच बोलू देत नाही. भाचा तोवर वस्तीच्या मागनं एक चक्कर मारून येतो.