वाफा येतात म्हणून पिशवी काढायची?

आज रंकाळ्यावर चालायला गेलेच नाही, रात्रभर झोपच नव्हती. तीनच्या सुमाराला जाग आली तर मान, पाठ सगळी ओली, उशीचा अभ्रा पिळावा असा, आणि हे शेजारी चादर गळ्यापर्यंत ओढून गाढ झोपलेले. फॅन फुल केला की त्यांना थंडी, कमी केला की मला वाफा, म्हणजे पाळी जायच्या वयात अंगात अचानक गरम चढतं ना, त्या. घाम ओसरला की मलाच हुडहुडी भरते, मग परत चादर शोधा. दिवसा कसंतरी निभतं, पण झोप मोडली की दुसऱ्या दिवसाची वाट लागते, पोरांवर विनाकारण खेकसलं जातं.

दुपारी जाऊबाई आल्या होत्या. भाकऱ्या थापत होते आणि तव्यासमोरच सुरू झालं. आधी धडधडलं, मग छातीपासून गळा, गळ्यापासून कानशिलं असं गरम चढत गेलं, तोंड लालबुंद, ओठावर घामाचे थेंब. थापलेली भाकरी परातीत तशीच ठेवून खिडकीत जाऊन उभी राहिले. जाऊबाई म्हणाल्या, “किती तरास काढत्यास गं, पिशवी काढून टाक की एकदाची. मी काढली, सुटलो बघ.”

त्यांना गरज होती, गाठींमुळं इतकं ब्लीडिंग व्हायचं की रक्त चढवायला लागलं होतं. पण वाफांचा पिशवीशी, म्हणजे गर्भाशयाशी, काय संबंध? राजारामपुरीतल्या आमच्या डॉक्टरबाईंनी मला नीट समजावलंय. अंडाशयातलं इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी व्हायला लागतं आणि मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग त्यामुळं इतका हळवा होतो की अंग जरासं तापलं तरी घाम काढायला लागतो. पिशवी काढली की पाळी थांबते, वाफा नाही थांबत. उलट तिच्याबरोबर अंडाशयं पण काढली तर जे काही वर्षांत हळूहळू झालं असतं ते एकदम अंगावर येतं, वाफा जास्त जोरात, आणि कमी वयात झालं तर हाडं ठिसूळ, हृदयाला पण धोका.

ऊसतोडीला जाणाऱ्या बीडकडच्या किती बायकांच्या पिशव्या ऐन तरुणपणी काढल्यात ते २०१९ ला पेपरात आलं होतं, वाचून पोटात कालवलं होतं. त्याच बायका टोळीबरोबर आपल्याकडं पण येतात की. आणि तरी आपल्या घराघरात हाच सल्ला, तो पण मायेनं दिलेला, याचं मला फार वाईट वाटतं.

वाफांवर उपाय आहेत हो. डॉक्टरबाईंनी आधी थायरॉईड तपासला, कारण त्यात पण घाम, धडधड असतंच. हार्मोनच्या गोळ्यांचं त्या म्हणाल्या की वय ६० च्या आत असेल, पाळी जाऊन १० वर्षं झाली नसतील आणि ब्रेस्ट कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या असलं काही झालेलं नसेल तर बहुतेकींना फायदाच जास्त, फक्त पिशवी असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन पण द्यावंच लागतं. ज्यांना ते चालत नाही त्यांच्यासाठी हार्मोन नसलेली औषधं पण असतात. माझं अजून ठरायचंय. तोवर सुती गाऊन, यांची चादर वेगळी, संध्याकाळचा चहा बंद. तांबडा रस्सा गरमागरम ओरपला की माझी वाफ हमखास येते, म्हणून रविवारी फक्त पांढरा, तो पण कोमट करून (हे मात्र जड जातंय). आणि सलग १२ महिने पाळी आली नाही म्हणजे गेली, त्यानंतर साधा डाग दिसला तरी लगेच दाखवायचं, हे त्यांनी दोनदा बजावलंय.

हे सगळं जाऊबाईंना सांगितलं तर त्या गप्पच झाल्या, मग म्हणाल्या त्यांच्या इचलकरंजीच्या बहिणीला पण पिशवी काढायला सांगितलंय, वय ४१. कशासाठी विचारलं तर बहिणीलाच नीट माहीत नाही म्हणे. तिच्या सोनोग्राफीचे कागद व्हॉट्सअ‍ॅपवर मागवलेत, सोमवारी तिला घेऊन डॉक्टरबाईंकडं जायचं ठरलंय, जाऊबाई पण येणार आहेत.