आत्याच्या डाव्या कानासाठी ‘कट्यार’ची दोन तिकिटं

संगीत नाटकाला चांगली खुर्ची कुठली, असं विचारलं की बहुतेक जण पहिल्या तीन-चार रांगांकडे बोट दाखवतात. मला ते पटत नाही. गद्य नाटकाला ठीक आहे, तिथे चेहरा जवळून दिसला पाहिजे. गाण्याच्या नाटकाला आधी कानाचा विचार करावा लागतो. आमच्या घरी तर तो एकाच कानाचा करायचा होता.

‘कट्यार काळजात घुसली’ २०१० मध्ये पुन्हा रंगभूमीवर आलं, तेव्हाची ही गोष्ट. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं मूळ नाटक ‘नाट्यसंपदा’ या नाट्यसंस्थेनं २४ डिसेंबर १९६७ला रंगमंचावर आणलं होतं. संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. आत्यानं ते तेव्हाच पाहिलेलं, वसंतरावांना समोर ऐकलेलं. नव्या संचात सुबोध भावे यांचं दिग्दर्शन होतं, सदाशिवच्या भूमिकेत महेश काळे आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत राहुल देशपांडे, म्हणजे वसंतरावांचे नातूच. पेपरात जाहिरात आली त्या दिवशी आत्याचा सकाळीच फोन. “आजोबांचं गाणं नातू गातोय गं. मला ऐकायचंय.”

आत्याचा उजवा कान जवळजवळ गेलेला आहे. त्यात यंत्र असतं, पण नाट्यगृहातल्या स्पीकरच्या आवाजाला ते खरखरतं, म्हणून नाटकाला बसली की ती यंत्र काढून ठेवते. डावा कान मात्र उत्तम. तरुणपणी गाणं शिकलेली असल्यामुळे त्या एका कानावर ती एखादा स्वर कणभर उतरलेलासुद्धा पकडते. म्हणजे तिला रंगमंचाकडे तोंड करून मध्यापासून थोडं उजवीकडे बसवायला हवं, की गाणं डावीकडून येतं. त्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. बाल्कनीचे जिने नकोत, आणि दहा माणसांच्या पायांवरून आत सरकणंही नको. खुर्ची वाटेलगतचीच हवी.

आता उजवीकडे म्हणजे किती उजवीकडे? फार कडेला गेलं तर त्या बाजूचा स्पीकरच तेवढा ऐकू येतो आणि गाणारा माणूस एकीकडे, आवाज दुसरीकडे असं होतं. फार मागे, बाल्कनीच्या छताखाली, आवाज दबका होतो. तबल्याची चाट, म्हणजे कडेवरचा बोल, ऐकू येते, पण बायाचा, म्हणजे डग्ग्याचा, घुमारा मरतो. अगदी पुढे बसलं तर स्पीकरचा आवाज डोक्यावरून जातो आणि साथीची वाद्यं गाण्यावर चढतात. हे मी ऐकीव सांगत नाही. त्याच सुमारास गडकरी रंगायतनला दुसऱ्या एका गाण्याच्या कार्यक्रमाला गेले होते. मध्यंतर संपता संपता वादक वाद्यं पुन्हा लावून घेत होते आणि लोक अजून बाहेर चहाजवळ होते. तेवढ्या वेळात मी वाटेवरून वर-खाली फिरून ठिकठिकाणी थांबून ऐकलं. डावा कान रंगमंचाकडे, उजव्या कानात बोट. सातव्या रांगेपासून दहाव्या रांगेपर्यंत पेटी आणि तबला एकमेकांत न मिसळता, पण एकत्र ऐकू येत होते. तिथून दोन पावलं मागे आलं की फरक कळायचा. ज्यांना आपल्या माणसासाठी नेमकी खुर्ची हवी असेल त्यांनी हे जरूर करावं. नाट्यगृह एकदा कानाखालून गेलं की पुढचं सगळं सोपं जातं.

ठाण्याला, त्याच गडकरी रंगायतनमध्ये, ‘कट्यार’च्या प्रयोगाची तारीख लागली. ऑनलाइन बुकिंग तेव्हा सुरू झालेलं होतं, म्हणून आधी तिथे पाहिलं. मला हव्या त्या रांगा तिथे राखाडी दिसत होत्या, म्हणजे विक्रीलाच नाहीत. मागच्या दोन खुर्च्या निदान हाताशी असाव्यात म्हणून घ्यायला गेले, तर खात्यातून पैसे गेले आणि तिकीट आलंच नाही. पैसे यथावकाश परत आले, पण त्यातून एक गोष्ट कळली. संकेतस्थळावर नाट्यगृहाच्या सगळ्या खुर्च्या नसतात. काही खिडकीला असतात, काही फोनवर, काही निर्मात्याच्या पाहुण्यांसाठी, काही नाट्यगृहाच्या राखीव. ऑनलाइन एखादी रांग नाही म्हणजे ती विकली गेली असं मुळीच नाही.

जाहिरातीत खाली बारीक अक्षरात प्लॅन कधी उघडणार, म्हणजे खिडकीवरची तिकीटविक्री कधी सुरू होणार, ते लिहिलेलं होतं. त्या सकाळी उजाडता उजाडता तलावपाळीला पोचले. मासुंदा तलावाभोवती चालणारे लोक होते, आणि नाट्यगृहाच्या खिडकीपाशी आधीच माणसं. एका काकांनी वहीचं पान फाडून त्यावर नावं लिहायला घेतली होती. आलं की नाव लिहायचं, मग चहाला गेलं तरी नंबर जात नाही. कुणी सांगितलेलं नाही, कुठे नियम नाही, पण सगळे पाळत होते. रांगेत तबला शिकणारा एक मुलगा होता. तो चक्क अगदी पुढची, वादकांच्या बाजूची खुर्ची मागायला आला होता, त्याला हात बघायचे होते. त्याच्या गरजेला ती खुर्ची बरोबरच होती.

वहीवाल्या काकांनी रांग हलेपर्यंत ‘संयुक्त मानापमान’चा विषय काढला. ८ जुलै १९२१, मुंबईचं बालीवाला थिएटर, टिळक स्वराज्य फंडासाठीचा प्रयोग. धैर्यधराच्या भूमिकेत केशवराव भोसले आणि भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व, दोन वेगळ्या नाटक कंपन्यांचे मालक एका नाटकात. काकांच्या वडिलांना तिकीट मिळालं नव्हतं आणि ते आयुष्यभर त्याची हळहळ करायचे. त्यानंतर तीनच महिन्यांत केशवराव गेले. काका म्हणाले, “म्हणून मी कुठलंही पुढच्या वेळी बघू म्हणत नाही. गाणारा माणूस आहे तोवर ऐकून घ्यायचं.” मला त्यांचं म्हणणं मनापासून पटलं. आत्याचा डावा कानही काही कायमचा राहणार नाही.

खिडकी उघडली. आत मोठ्या कागदावर छापलेला प्लॅन, प्रत्येक खुर्चीला एक चौकोन, आणि बुकिंगवाल्या काकांच्या हातात लाल बॉलपेन. तिकीट फाडलं की चौकोनावर फुली. माझा नंबर आला तेव्हा मधला भाग बराच लाल झालेला होता. त्याखेरीज काही चौकोनांवर पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या.

“किती?”

“दोन. वाटेलगत, उजवीकडे, सात ते दहामधली रांग.”

“उजवीकडे कुठल्या? तुमच्या की स्टेजच्या?”

हा प्रश्न त्यांनी विचारला म्हणून बरं. प्लॅनवर रंगमंच कागदाच्या ज्या टोकाला काढलेला असतो, त्यावर सगळं अवलंबून. खिडकीच्या आतल्या माणसाची उजवी आणि आपली उजवी उलट. त्यांनी प्लॅन माझ्याकडे फिरवला आणि पेनाच्या टोकानं दाखवलं, “तुम्ही स्टेजकडे तोंड करून बसलात तर हा उजवा हात.” मला हव्या त्या चार रांगांत, उजव्या वाटेलगत, सगळीकडे पेन्सिलीच्या रेघा. नवव्या रांगेत डाव्या वाटेलगतच्या दोन मोकळ्या होत्या. उजवीकडे होत्या त्या पार मागे, बाल्कनीखाली.

“पेन्सिलीच्या कुणाच्या?”

“फोनच्या आणि पाहुण्यांच्या. त्या मला देता येत नाहीत.” मागे रांग खोळंबलेली असूनही ते एवढं थांबून म्हणाले, “या नवव्या घेऊन ठेवा. दर तोच आहे. जाहिरातीतल्या नंबरवर मॅनेजरांशी बोला. फोनवाल्यांनी उचलली नाहीत तर त्या सुटतात.”

डावीकडच्या दोन घेतल्या. दर तोच आहे, हे त्यांनी सांगितलं ते फार महत्त्वाचं होतं. विकलेलं तिकीट परत घेतलं जात नाही, ते तिकिटावर छापलेलंच असतं. पण त्याच दराची खुर्ची मोकळी झाली तर हिशेबात काही बदलत नाही, आणि मग व्यवस्थापकाला अदलाबदल करून देणं सोपं जातं. वेगळ्या दराची असती तर कुणी ऐकूनही घेतलं नसतं.

मॅनेजरना फोन करायचा तो प्रयोगाच्या सकाळी करू नये. त्या दिवशी त्यांच्या मागे सेटचा टेम्पो, कलाकारांच्या गाड्या, ध्वनिव्यवस्था, सगळं लागलेलं असतं. मी आदल्या दिवशी दुपारी केला, खिडकी बंद असते त्या वेळात. ओळखीपाळखी सांगितल्या नाहीत, आहे ते सांगितलं. माझी आत्या, पंचाहत्तरी उलटलेली, मूळ ‘कट्यार’ पाहिलेली, एकाच कानानं ऐकू येतं, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, नववी रांग डावी वाट हातात आहे, उजवी हवी आहे.

पलीकडून थोडा वेळ काहीच आलं नाही. मग विचारलं, “कान कुठला चांगला?”

“डावा.”

“मग उजवीकडेच पाहिजे.” त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. “कबूल करत नाही. तासभर आधी या, तिकिटं घेऊन. आजींना घाईनं आत नेऊ नका, माझ्या टेबलापाशी बसवा.”

प्रयोगाच्या संध्याकाळी प्रवेशद्वाराजवळ त्यांचं छोटं टेबल होतं. टेबलावर रबरबँड लावलेला पाकिटांचा गठ्ठा, प्रत्येक पाकिटावर नाव आणि तिकिटांची संख्या. लोक येत होते, नाव सांगून, पैसे देऊन पाकीट नेत होते. फोनवर ठेवलेली तिकिटं प्रयोगाच्या अर्धा तास आधी उचलायची, नाहीतर ती सोडून द्यायची, असा बहुतेकांचा शिरस्ता असतो. गठ्ठा बारीक होत गेला. बाहेर हाऊसफुल्लचा फलक लागला होता, तरी पंधरावीस माणसं काही सुटतंय का म्हणून उभी होती. आत्या खुर्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना न्याहाळत होती. तिनं नेसलेली इरकली साडी मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

अर्ध्या तासाची वेळ झाली तेव्हा पाच-सहा पाकिटं उरली. मॅनेजरनी पहिल्यांदा एका नंबरवर फोन लावला. समोरच्या माणसानं येत नसल्याचं सांगितलं, तेव्हाच त्यांनी पाकीट उघडलं. मला ते आवडलं. वेळ झाली म्हणून परस्पर सोडलं असतं तरी चाललं असतं. आत आठव्या रांगेची दोन तिकिटं होती, उजव्या वाटेलगतची. त्यांनी माझी नवव्या रांगेची घेतली, ती दिली, आणि माझी दोन तिथल्या तिथे बाहेर ताटकळणाऱ्या एका जोडप्याला विकली. हिशेब जिथल्या तिथे.

आत आत्याला वाटेलगत बसवलं, मी तिच्या डाव्या हाताला. नांदी सुरू होण्याआधी तिनं उजव्या कानातलं यंत्र काढून रुमालात गुंडाळलं आणि पर्समध्ये ठेवलं. ‘कट्यार’चा सगळा जीवच दोन गायकींच्या फरकात आहे. पंडित भानुशंकरांचं घराणं एक, खाँसाहेबांचं दुसरं, आणि त्या दोघांच्या मध्ये शिकायला आसुसलेला सदाशिव. ‘घेई छंद’ एकाच नाटकात दोन चालींत येतं, आणि तो फरक नीट पोचला नाही तर नुसतं गोष्टीवर समाधान मानावं लागतं. आत्याचा हात मांडीवर ताल धरत होता. दुसरी चाल सुरू झाली तशी तिनं न बघता माझ्या मनगटावर बोटं दाबली आणि सम येईपर्यंत सोडली नाहीत. खाँसाहेबांच्या एका तानेवर वन्समोअर आला, तेव्हा सगळ्यात आधी आवाज तिचा होता.

मध्यंतरात वाटेलगत असल्याचा खरा फायदा कळला. गर्दी सुटायच्या आत तिला बाहेर आणता आलं, बटाटावडा आणि चहा बसून घेता आला. मी विचारलं, “वसंतरावांच्या तुलनेत कसा वाटला?”

“तुलना करायला नाही आले. त्यांचं मला पाठ आहे, हे नवीन आहे,” ती म्हणाली. मग वड्याचा घास संपवून, “आवाज स्वच्छ येतोय. शब्द न् शब्द. फक्त तबला जरा लांब वाटतो गं. एक रांग पुढे चालली असती.”

प्रयोग संपल्यावर मॅनेजरना शोधून आभार मानले. त्यांनी आत्याला वाकून नमस्कार केला आणि पुढच्या प्रयोगांचा कागद दिला. जवळचा प्रयोग डोंबिवलीला होता, सावित्रीबाई फुले कलामंदिरात. तिथे मी कधी गाणं ऐकलेलं नाही, म्हणजे कुठली रांग, कुठली वाट, काहीच ठाऊक नाही. वहीवाले काका बाहेर भेटले, ते तिथले नेहमीचे निघाले. त्यांना विचारून ठेवलं, आणि प्लॅन उघडायची तारीख आत्यानं स्वतः कालनिर्णयवर लिहिली.