माझा अनुभव : स्वतःच्या भाषेचे स्वर बदलताना वेलांटीपाशी गेलेले दोन आठवडे

मी एक भाषा बनवतेय. आधी तिचं जुनं रूप, मग त्यातून ध्वनिबदल होत होत आजचं रूप, असं. शब्द, व्याकरण, व्यंजनांचे बदल सगळं पटापट झालं, अडलं ते स्वरांपाशी.

काथु म्हणजे नदी, काथि म्हणजे नद्या. शेवटच्या इ मुळे आधीच्या आ चा ए व्हायचा आणि मग शेवटचे ऱ्हस्व स्वर गळायचे, म्हणजे एक काथ, अनेक केथ. इंग्रजीत फुट-फीट, माउस-माइस असंच झालंय, जुन्या अनेकवचनात इ होता, तो आधीच्या स्वराला बदलून स्वतः गळाला. नियम लावणाऱ्या प्रोग्रॅममध्ये यादी टाकली तर उत्तर काय, काथ आणि काथ! सगळ्याच शब्दांचं एकवचन-अनेकवचन सारखं.

मला वाटलं क्रम चुकला, कारण गळती आधी झाली तर इ उरतच नाही आणि ए होणार कशामुळे. क्रम उलटापालटा केला, नियम पुन्हा लिहिले, एकेक शब्द हाताने करून पाहिला. हाताने केथ यायचं, प्रोग्रॅममध्ये काथच. दोन आठवडे हेच, रडकुंडीला आले होते.

शेवटी काथि शब्द एकेका चिन्हाने पुढे सरकत तपासला. त्यात इ नव्हताच, वेलांटी होती! कॉम्प्युटरला इ आणि वेलांटी ही दोन वेगळी चिन्हं, आ आणि काना पण वेगळे, आणि क मधल्या अ ला तर चिन्हच नाही. ए चा नियम मी आ, इ टाइप करून लिहिलेला, तो एकाही शब्दाला लागत नव्हता. गळतीचा नियम मात्र यादीतल्या शब्दांमधून वेलांटी, उकार कॉपी करून लिहिलेला, म्हणून तेवढाच चालत होता. मग सगळी यादी क् आ थ् इ अशी फोडून लिहिली, आणि पहिल्याच फेरीत केथ! तो शब्द मी मोठ्याने तीन-चारदा म्हटला.

तर देवनागरीत करणार असाल तर पहिल्या दिवशीच शब्द फोडून ठेवा. आणि हो, जुन्या रूपाचा कॉलम पुसू नका, कारण मुळातला ए आणि आ चा झालेला ए एकदा मिसळले की नुसत्या नव्या शब्दावरून वेगळे काढता येत नाहीत.

आता पुढचा नियम संस्कृत-प्राकृत-मराठी असा आपल्याकडे झालेल्या कर्ण-कण्ण-कान, सप्त-सत्त-सात सारखा घेतलाय, जोडाक्षर सुटतं आणि आधीचा स्वर दीर्घ होतो. कालच लावला, नीट चालला.