रडर पेडल बदलताना : डेडझोन बारावरून शून्यावर

घरच्या संगणकावर सिम्युलेटरमध्ये विमान उडवताना मी पायाखाली रडर पेडल वापरतो. शेपटीवरची जी उभी झडप विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवते, त्या रडरला ती चालवतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या जुन्या पेडलनी मान टाकली. कुरकुर तशी वर्षभर चालूच होती. दोन्ही पाय उचलून विंडोजमधली गेम कंट्रोलरची खिडकी उघडली, की रडरची पट्टी मधोमध गप्प उभी राहायला हवी. माझी सतत थरथरायची, आणि मध्येच एकदम डावीकडे उडी मारून परत यायची. सेसना 172 धावपट्टीवर पळत असताना ही उडी आली, तर विमान थेट गवतात.

मी आधी सगळे करतात तेच केलं. डेडझोन, म्हणजे मध्याजवळची जी हालचाल संगणकाने मोजायचीच नाही तो भाग, 4 टक्के ठेवला, मग 8, शेवटी 12. पट्टी शांत झाली आणि मला वाटलं, जमलं. पुढचे सहा महिने मी तसाच उडत राहिलो. आज मागे वळून बघताना सगळ्यात जास्त नुकसान त्या सहा महिन्यांनी केलं, असं माझं ठाम मत आहे. रडरचं बहुतेक काम मध्याच्या आसपासच असतं. चवड्याने किंचित दाबायचं, सोडायचं, पुन्हा किंचित. नेमका तेवढाच भाग डेडझोन गिळून टाकतो. काहीच होत नाही म्हणून पाय आणखी दाबतो, मग नाक एकदम वळतं, की लगेच दुसरा पाय. माझ्या टेकऑफचा रीप्ले वरून पाहिला, तर विमानाने मध्यरेषेवर शिवणीचे टाके घातल्यासारखं दिसायचं.

नवीन घेण्याआधी जुनं उघडून पाहिलं. आत पेडल किती सरकलं ते मोजणारे साधे पोटेन्शिओमीटर. कार्बनचा अर्धगोल पट्टा आणि त्यावर घासत फिरणारी धातूची जीभ. जीभ दिवसभर मध्यावरच घुटमळते, त्यामुळे पट्टा झिजतो तोही तिथेच. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, वीस-पंचवीस वेळा पूर्ण डावीकडून उजवीकडे फिरवलं. तीन आठवडे छान चालले, आणि पावसाळी दमट हवा सुरू झाली तशी थरथर परत आली. मग पोटेन्शिओमीटर काढून तिथे चुंबकावर चालणारा एएस5600 सेन्सर बसवायचा विचार केला. अर्डुइनो प्रो मायक्रो हा छोटा सर्किट बोर्ड घरात पडूनच होता, आणि हा सेन्सर एका फेऱ्याचे 4096 भाग मोजतो, म्हणजे गरजेपेक्षा जास्तच. पण पेडल हातात धरून हलवलं तेव्हा कळलं, की मूळ दांडाच प्लास्टिकच्या भोकात डुगडुगतोय. सेन्सर कितीही अचूक असला तरी तो ती डुगडुगच अचूक मोजणार. तेव्हा तो नाद सोडला.

निवडीला बसलो तेव्हा आधी स्वतःला विचारलं, मी उडवतो काय? निम्मा वेळ सेसना, थोडा वेळ शेपटीला चाक असलेली पायपर कब, उरलेला एअरबस ए320. ए320 मध्ये हवेत असताना रडरला जवळजवळ हात, म्हणजे पाय, लावायचा नसतो. वळणाचा समतोल संगणक राखतो. पायांचं काम टेकऑफला, उतरताना आणि इंजिन बंद पडलं तर. जमिनीवरही पेडलने नाकाचं चाक दोन्ही बाजूंना फक्त 6 अंश वळतं, मोठ्या वळणाला हाताने फिरवायचा टिलर लागतो. जे फक्त जेट उडवतात त्यांना कुठलीही बरी पेडल पुरतात, असं मी मनापासून सांगेन. पण सेसनात पंखा कॉकपिटमधून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्याचा गोल फिरत मागे येणारा झोत शेपटीच्या उभ्या पंखावर डावीकडून आदळतो आणि नाक डावीकडे जातं. थ्रॉटल, म्हणजे इंजिनची ताकद वाढवायचा दांडा, पुढे ढकलल्यापासून उजवा पाय कामाला. कबमध्ये तर चाकं जमिनीला असेपर्यंत पायाला सुट्टीच नाही.

व्हीकेबीची टी-रडर मला खूप आवडली. आटोपशीर, सेन्सरमध्ये घासणारं काही नाही, टेबलाखाली जागा कमी असली तरी मावतात. पण त्यांना टो ब्रेक, म्हणजे चवड्याने दाबायचे चाकांचे ब्रेक, नाहीत. सेसना 172 चं नाकाचं चाक पेडलने साधारण 10 अंश वळतं, आणि एका बाजूचा ब्रेक दाबला तर 30 अंशांपर्यंत. पार्किंगमध्ये वळायचं तर तो ब्रेक पायाखाली हवाच. फक्त लढाऊ विमानं किंवा हेलिकॉप्टर उडवणाऱ्यांनी मात्र त्यांचा जरूर विचार करावा. थ्रस्टमास्टरची टीएफआरपी सहज मिळते, पण दोन पेडल इतकी जवळजवळ की माझे गुडघे एकमेकांना चिकटतात. अर्ध्या तासाने मांड्या भरून येतात. लॉजिटेकच्या पेडलना ताण कमीजास्त करायची चकती आहे, ही चांगली सोय. पण आत पोटेन्शिओमीटर, आणि मला तो रस्ता पुन्हा नको होता. थ्रस्टमास्टरची टीपीआर वरून टांगलेली आणि चांगली वजनदार. उरली क्रोएशियात बनणारी एमएफजी क्रॉसविंड. परदेशातून मागवायचं म्हणजे वजनामुळे कुरिअर महाग, वर कस्टम, वर जीएसटी. महिनाभर मी नुसता हिशोब करत बसलो.

मग पुण्यातले एक निवृत्त इंजिनिअर काका आपली क्रॉसविंड विकताहेत असं कळलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांचं उडणं थांबलं होतं. नाशिकहून सकाळची शिवनेरी पकडली.

काकांनी खुर्चीत बसवलं, संगणक मात्र लावलाच नाही. म्हणाले, "आधी डोळे मिटा. डावीकडून उजवीकडे जा, अगदी हळू. मध्य आला की मला सांगा."

मी गेलो. मध्य आला हे कळलं, पण कुठे अडकलं नाही की खटका बसला नाही. स्प्रिंगचा जोर एका बाजूने हलका होत गेला आणि दुसऱ्या बाजूने तितक्याच हळू वाढत गेला.

"आता तुमच्या जुन्या पेडलवर असं करून बघा घरी," काका म्हणाले, "म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल."

या पेडलमध्ये मध्याचा स्पर्श कॅम ठरवतो. वळणदार कडेचा धातूचा तुकडा, आणि स्प्रिंगच्या जोराने त्या कडेवर दाबून धरलेलं बेअरिंग. कड मध्यावर खोल असेल तर पायाला मध्य ठळक लागतो, पण तिथून बाहेर निघताना धक्का द्यावा लागतो. कड उथळ असेल तर मध्य पुसट, हालचाल मात्र सलग. काकांनी उथळातला उथळ कॅम बसवला होता. बाकीचे कॅम, स्प्रिंग आणि अॅलन की एका श्रीखंडाच्या डब्यात नीट भरून दिल्या. पैसे ठरलेलेच होते, घासाघीस केली नाही. निघताना ते म्हणाले, "वापरा रे, पडून राहू देऊ नका." परतीच्या प्रवासात खोकं मांडीवर होतं.

घरी खरी झटापट फरशीशी झाली. व्हिट्रिफाइड टाइलवर पेडल पुढे आणि चाकांची खुर्ची मागे. ब्रेक दाबला की मी भिंतीकडे. 18 मिलिमीटरच्या प्लायचा साडेतीन फूट लांब तुकडा सुताराकडून कापून घेतला. पुढच्या टोकाला पेडल बोल्टने कसली, मागच्या टोकाला खुर्चीची चाकं बसतील अशा दोन खाचा पाडल्या. आता पेडल आणि खुर्ची एकाच लाकडावर असल्याने मी कितीही दाबलं तरी जोर आतल्या आत जिरतो. खाली रबराची चटई. नवीन पेडलवर खर्च करण्याआधी एवढं नक्की करा. माझ्या जुन्या पेडलचे निम्मे दोष या फळीने झाकले गेले असते. अनवाणी पायांना धातूची धार लागते, म्हणून जुन्या सायकल ट्यूबचे तुकडे चिकटवले.

कॅलिब्रेशन पाच मिनिटांत झालं. फ्लाइट सिम्युलेटरमध्ये दोन्ही ब्रेकचे अॅक्सिस, म्हणजे मोजणीची दिशा, उलटे करावे लागले, नाहीतर पाय सोडल्यावर ब्रेक लागलेले आणि दाबल्यावर सुटलेले. संवेदनशीलतेची रेघ सरळच ठेवली. डेडझोन शून्य. पाय उचलून पट्टीकडे पूर्ण दोन मिनिटं बघत बसलो; ती हलली नाही.

परीक्षेसाठी मुंबईची धावपट्टी 14, म्हणजे साधारण 140 अंशांच्या दिशेची, घेतली. पावसाळ्यातला नैऋत्येचा वारा 240 अंशांवरून 12 नॉट असा लावला, म्हणजे जवळपास पूर्ण आडवा. सेसना 172 साठी 15 नॉटपर्यंत आडवा वारा उत्पादकाने उतरून दाखवलेला आहे, तेव्हा हे मर्यादेत. वारा उजवीकडून, म्हणून नाक उजवीकडे ठेवून यायचं, आणि चाकं टेकण्याआधी डाव्या पायाने नाक धावपट्टीच्या रेषेत आणताना उजवा पंख किंचित खाली.

पहिल्या चार वेळा डावा पाय जुन्या सवयीने इतका जोरात गेला की नाक रेषा ओलांडून पलीकडे. पेडल आता प्रत्येक मिलिमीटर ऐकत होती आणि माझा पाय अजून ओरडूनच बोलत होता. पाचव्या वेळी काकांचं आठवून, फायनलवर, म्हणजे उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यात असतानाच, पायांनी मध्य एकदा हळू चाचपून घेतला. त्या वेळी चाकं मध्यरेषेवर टेकली. जुन्या पेडलवर याच वाऱ्यात दहापैकी दोन वेळा मी मध्यरेषेवर उतरलो होतो. पहिल्या आठवड्याअखेर दहापैकी सहा.

कब अजून जमत नाही. वेग 20 नॉटच्या खाली आला की शेपूट पुढे यायला बघते आणि मी उशिरा जागा होतो. उजव्या टो ब्रेकचा कोन थोडा उभा करायचा आहे, विमान जमिनीवर लांबवर चालवताना चवडा चुकून त्यावर पडतो. खोल कॅम एअरबससाठी एकदा लावून बघणार आहे. जुन्या पेडलवर डोळे मिटून बसलो होतो, तेही सांगतो. मध्याच्या दोन्ही बाजूंना मिळून बोटभर जागा अशी होती, जिथे पायाला काहीच लागत नव्हतं.