न्यू लॅनार्कमध्ये गिरणगावचे काका

स्कॉटलंडच्या सहलीत आमची बस न्यू लॅनार्कला थांबते. क्लाइड नदीच्या घळीत वसलेलं हे गिरणीचं गाव. डेव्हिड डेलने 1786 मध्ये पाण्याच्या जोरावर इथे सूतगिरणी चालू केली, 1800 पासून कारभार त्याच्या जावयाकडे, रॉबर्ट ओवेनकडे आला. 1968 मध्ये गिरणी बंद, 2001 मध्ये जागतिक वारसा. टूर मॅनेजर म्हणून मी एवढंच बोलतो, कारण बहुतेकांचं लक्ष तिथल्या आइस्क्रीमकडे असतं.

एका ग्रुपमध्ये लालबागचे एक काका होते. मुंबईच्या गिरणीत रिंग खात्यात, म्हणजे सूत काढायच्या विभागात, साइडर, म्हणजे तुटलेले धागे जोडणारे कामगार. 1982 च्या गिरणी संपात नोकरी गेली ती गेलीच. न्यू लॅनार्कच्या गिरणीत जुना म्यूल, म्हणजे सूत काढायचं यंत्र, अजून लोकरीचं सूत काढतो. गाडा चाकांवर पुढे येतो, धागे ताणत पीळ देतो, मागे जाताना सूत गुंडाळतो. काका कठड्यावरून वाकले. "तो बघा, तुटला." मला नुसती धाग्यांची रांग दिसत होती.

ओवेनने दहा वर्षांखालची मुलं कामावर घेणं थांबवलं, त्यांना शाळा काढली, मारहाणही बंद केली. माराऐवजी प्रत्येकाच्या जागेपाशी बोटभर लाकडी ठोकळा टांगला. चार बाजू, चार रंग. काळा म्हणजे कालचं काम वाईट, मग निळा, पिवळा. पांढरा सर्वांत चांगला. मुकादम तो फिरवायचा आणि वहीत नोंद व्हायची. पर्यटकांना ही कल्पना फार गोड वाटते.

"म्हणजे आमच्या गिरणीतला मुकादम, जॉबरच की," काका म्हणाले. "फक्त शिव्या देत नाही."

रंग पटला नाही तर थेट ओवेनकडे दाद मागता यायची, मी म्हटलं.

"आणि दुसऱ्या दिवशी खात्यात परत त्याच मुकादमासमोर?"

मला उत्तर सुचलं नाही. ओवेन काही संत नव्हता, नफा तोही कमवत होता. पण अमेरिकेने कापूस रोखल्यावर चार महिने गिरणी थांबली, तेव्हा नुसती यंत्रं साफ ठेवायला त्याने सगळ्यांना पूर्ण पगार दिला. सात हजार पौंडांच्या वर गेले त्यात. हे काकांनी पुन्हा सांगायला लावलं.

"पूर्ण?"

"पूर्ण."

"बंद गिरणीत?"

बाहेर आलो तर कामगारांच्या दगडी इमारतींच्या खिडक्यांना पडदे. इथे अजून माणसं राहतात, भाडेकरूसुद्धा, हे ऐकून काका थबकले. लालबाग-परळला गिरण्यांच्या जागी टॉवर उठले, मॉल आले.

"भाडं किती असेल हो?"

"अहो, चला," काकू मागून म्हणाल्या, "इथे खोली बघत बसलात तर बस जाईल."